फुकटचा ठोसा

मारामारी करणे आणि मारामारीविषयी भांडणे या दोन अगदी स्वतंत्र विद्या असून पहिलीस अंगात बळ लागते व दुसरीस केवळ सवड लागते, ही गोष्ट ज्याने करमाळे तालुक्यात एक उन्हाळा काढला आहे त्यास निराळी सांगावयास नको. करमाळ्यास रेल्वे नाही. ती जेऊरवरून जाते. आणि त्यामुळे ज्यांना पुण्यास वा सोलापुरास काम असते असे तालुक्यातील यच्चयावत् लोक जेऊरच्या फलाटावर येऊन बसतात, व गाडी येईपर्यंतच्या अवकाशात एखाद्या जुन्या वादाचा निकाल लावतात, म्हणजे तो नव्याने उकरून काढतात. उजनीच्या धरणाने भीमेचे पाणी अडविल्यापासून या भागात ऊस आला, केळी आली, ती केळी जहाजात बसून आखाती देशांत जाऊ लागली. परंतु या समृद्धीच्या आधी भूसंपादन आले, मोबदला आला, पुनर्वसन आले, पाणीपाळीचे अर्ज आले, आणि त्यांनी इकडच्या साध्या कुणब्यासही नोटिशीतल्या 'सबब' या शब्दापुढे काय वाढून ठेवले असेल ते वासावरून ओळखण्याइतका व्युत्पन्न करून सोडले. अशा भूमीत तालीमही असावयाचीच आणि कचेरीचा अनुभवही असावयाचाच. या दोहोंची गाठ एका परदेशी फाशांच्या खेळात पडावी, एवढेच काय ते अनपेक्षित होते.

तो खेळ जेऊरास आणला माझ्या भाच्याने. हा मुलगा पुण्यास अभियांत्रिकी शिकतो, अशी निदान त्याच्या वडिलांची समजूत आहे. पावसाळ्याच्या सुट्टीत तो मित्रांचे एक टोळके घेऊन आला तेव्हा त्यांच्या सामानात जाडजूड पुस्तके, चौकटींचे कागद आणि एका कापडी बटव्यात नाना आकारांचे फासे होते, त्यांत एकाला तर मोजून वीस बाजू. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाचा हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचला व १९७४ साली तो विस्कॉन्सिन संस्थानातल्या लेक जिनीव्हा या गावाहून प्रसिद्ध झाला. खेळणाऱ्यांपैकी प्रत्येकाने एकेका वीराचा अवतार घ्यावयाचा, त्याचे बळ, चापल्य, शहाणपण वगैरे गुण आकड्यांनी कागदावर मांडावयाचे, आणि 'मी दार फोडतो', 'मी राक्षसावर धावून जातो' असे नुसते तोंडाने म्हणून पुढचे दैव फाशावर सोपवावयाचे, असे याचे स्थूल स्वरूप आहे. एक गडी मात्र वीर नसतो. त्यास पोरे 'डीएम' म्हणतात, आणि राजा, राक्षस, सराईचा मालक, पाऊस व दैव या सर्वांचे काम तो एकटा पाहतो. राक्षसाच्या बाजूने लढणारा इसम आणि तंट्यात न्याय देणारा इसम एकच, ही व्यवस्था जेऊरात कोणासही विचित्र वाटली नाही.

प्रेक्षक म्हणून दोन वडीलधारी मंडळी नेमाने येऊन बसू लागली. एक गावच्या तालमीचे वस्ताद, ज्यांचे दोन्ही कान मातीत घासून घासून चपटे झालेले आहेत आणि जे अद्यापही खुर्चीवर बसण्यापूर्वी ती डाव्या हाताने दाबून पाहतात. दुसरे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून, ज्यांनी हयातीत कोणावर हात उगारला नाही, परंतु मोबदल्याच्या पावतीवर सहीआधी 'हरकत राखून स्वीकारले' ही तीन अक्षरी तोफ कशी डागावी हे अर्ध्या तालुक्याला शिकविले. (अक्षरे तीनाहून अधिक आहेत हे मला ठाऊक आहे, पण कारकुनांच्या तोंडी ती तीनच वाटत.) वस्ताद आले ते 'पोरं लढाईचा खेळ खेळतात' असे ऐकून, आणि कारकून आले ते 'पोरं पुस्तक उघडून भांडतात' असे ऐकून. दोघांनाही खरीच बातमी लागली होती.

भाच्याचा वीर होता 'मंक', म्हणजे भिक्षू. या खेळात भिक्षूची ही जात १९७५ साली 'ब्लॅकमूर' नावाच्या पुरवणीतून प्रथम अवतरली. पूर्वेकडचा साधू म्हणजे चालताबोलता बुक्का, अशी अमेरिकेत त्या सुमारास चित्रपटांमुळे पक्की समजूत झालेली असल्याने, हा भिक्षू भिक्षा मागत नाही, मारतो. अंगात चिलखत घालावयाचे नाही, हाती ढाल धरावयाची नाही. असे असता त्याला मार लागणे किती अवघड आहे ते ठरविताना त्याच्या चापल्यात त्याचे शहाणपण मिळवावयाचे, असा नियम आहे. हा नियम वस्तादांना समजावून सांगितला तेव्हा त्यांनी मान डोलावली. "खरं हाय. शान्या माणसाला मार लागत न्हाई. त्यो मार असतोय तिथं जातच न्हाई." त्या घटकेपासून खेळाच्या कर्त्यांविषयी त्यांचे मत चांगले झाले, आणि ते बरोबर पाऊण तास टिकले.

पाऊण तासाने राक्षस आला. ओगर नावाची ही जात माणसाहून एक आकार मोठी असते, आणि नियम असा की आपल्याहून फार तर एका आकाराने मोठा असेल त्यालाच मिठी मारता येते. महाकाय असेल तर मिठीचा अर्ज दाखलच होत नाही. भाच्याचा भिक्षू पाचव्या पायरीवर पोहोचलेला असल्यामुळे त्याला एका पाळीत दोन वार मिळत. पहिल्या वाराच्या ऐवजी त्याने राक्षसाला कवळ घातली: वीस बाजूंचा फासा खडखडत गेला, अठरा पडले, राक्षसाला तीन. दुसऱ्या वाराच्या ऐवजी त्याने राक्षसाला ढकलून पाडले. तोही फासा लागला. आता धरलेल्या गड्याची गती शून्य होते, आणि गती शून्य असलेल्याला उठता येत नाही. सबब राक्षस उताणा पडला तो पडलाच. टोळक्याने आरोळी ठोकली. वस्ताद खुर्चीतून अर्धे उठले.

"दोन्ही खांदं टेकलं?"

"खांद्यांचं पुस्तकात काही नाहीये, वस्ताद," डीएम म्हणाला.

"उताना हाय न्हवं?"

"उताणा आहे."

"मग कुस्ती झाली. नारळ द्या पोराला."

पोरांनी एकमेकांकडे पाहिले. राक्षसाच्या एकोणसाठ प्राणांकांपैकी एकही अद्याप कमी झालेला नव्हता. त्याला अद्याप यथास्थित मारावयाचे होते, हे त्यांनी सांगितले मात्र, आणि वस्तादांच्या मुद्रेवर असा काही भाव उमटला की जणू जत्रेच्या फडात हलगी वाजता वाजता कोणी देवळात चप्पल घालून शिरले. "चीत झालेल्या गड्याला मारतंय व्हय रं कुनी?" एवढेच ते म्हणाले. या एका प्रश्नात मातीतली कुस्ती आणि हा खेळ यांमधले सारे अंतर आले. मातीत पाठ लागली की त्या क्षणी वैर संपते, हरलेला उठतो, जिंकलेला त्याच्या पाठीवर थाप मारतो, दोघे मिळून पंचांच्या पाया पडतात. आणि या खेळात पाठ लागणे ही केवळ एक 'अवस्था' आहे, तिचे तपशील परिशिष्टात आहेत, आणि पाठ लागलेल्या राक्षसाला पडल्या पडल्या सोटा हाणण्याची सुद्धा मुभा आहे, फक्त तो थोडा कमी लागतो.

तथापि खरा मुकदमा पुढेच होता. भिक्षूला असा हक्क आहे की आपल्या पाळीत त्याने निःशस्त्र वार केला असता, वर आणखी एक निःशस्त्र ठोसा त्याला फुकट मिळतो. भाच्याने तो मागितला. समोरच्या गड्याने हरकत घेतली की मिठी मारणे व ढकलणे या क्रिया 'हल्ला' या सदरात मोडत असल्या तरी 'निःशस्त्र वार' या सदरात मोडत नाहीत. भिक्षूने दोन्ही वार त्यांवरच खर्च केले. मग ज्या वाराच्या जोरावर फुकटचा ठोसा मिळावयाचा तो वार झालाच कुठे? पुस्तक आले. २०१४ सालची पाचवी आवृत्ती. पान काढले. हरकत रास्त निघाली. तेव्हा भाच्याने दुसरे पान काढले: भिक्षूच्या ठायी 'की' नावाच्या दिव्य शक्तीची थोडकी शिल्लक असते, आणि त्यातला एक अंश खर्ची टाकल्यास त्याला एकदम दोन ठोसे मारता येतात, या दोन ठोशांसाठी मात्र आधी नुसता 'हल्ला' झालेला असणे पुरे आहे, तो निःशस्त्र वारच असावा असे बंधन नाही. म्हणजे एक ठोसा फुकट मागाल तर नामंजूर, आणि शुल्क भराल तर दोन मंजूर.

येथे अव्वल कारकुनांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "हे पुस्तक," ते सद्गदित कंठाने म्हणाले, "कोण्या तरी मोठ्या कचेरीत काम केलेल्या माणसाचं आहे."

त्या रात्री ते पुस्तक ते घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी आले ते समासात पेन्सिलीच्या खुणा करून, आणि तिसऱ्या दिवसापासून टोळक्यात असा एकही तंटा राहिला नाही की जो त्यांच्याकडे नेला गेला नाही. त्यांच्या हाती लागलेली रत्ने मी पाहिली आहेत. राक्षसाला काही काळ सुन्न करून टाकणारा भिक्षूचा एक प्रहार आहे. त्याला अट अशी की तो 'शस्त्राच्या हल्ल्या'ने लागला पाहिजे. भिक्षूचा हात रिकामा. तेव्हा प्रश्न असा की मूठ हे शस्त्र आहे काय? कारकुनांनी आधार काढून दाखविला की मूठ हे शस्त्र नव्हे, परंतु मुठीने केलेला हल्ला हा शस्त्राचा हल्ला समजावा. पोरे हसली. कारकून हसले नाहीत. ज्याने कागदोपत्री 'पडीक' असलेल्या जमिनीवर पंधरा वर्षे उभा ऊस पाहिला आहे त्याला असल्या वाक्यात हसण्यासारखे काय दिसावे?

त्याहून मौजेची कथा सवलतींची. प्रतिस्पर्धी अडचणीत असेल तर आपल्याला 'ॲडव्हांटेज' मिळतो, म्हणजे एकाऐवजी दोन फासे टाकून मोठे दान घ्यावयाचे. राक्षस आडवा आहे, म्हणून एक सवलत. तो सुन्न झाला आहे, म्हणून दुसरी. परंतु दोन सवलतींचे तीन फासे होत नाहीत, कितीही सवलती असल्या तरी फासे दोनच. आणि उलट बाजूने एक जरी अडचण निघाली, उदाहरणार्थ खुद्द भिक्षूलाच विषबाधा झाली, तर त्या एका अडचणीने समोरच्या साऱ्या सवलती एकदम रद्द होतात व फासा पुन्हा एकच. "एका हरकतीनं सगळे दाखले रद्द," कारकून म्हणाले. "यात नवीन काय?" एके संध्याकाळी पाऊस धो धो कोसळत असता वीज गेली, मेणबत्ती सापडेना, आणि अंधारात बसल्या बसल्या त्यांनीच हा सिद्धांत काढला की दोन मानव काळ्याकुट्ट भुयारात लढत असतील तर प्रत्येकाला समोरचा दिसत नाही ही अडचण, आणि समोरच्याला आपण दिसत नाही ही सवलत, दोन्ही परस्परांस खातात, सबब या खेळात अमावास्येच्या रात्री डोळ्यांवर पट्टी बांधून लढणे आणि भर दुपारी जेऊरच्या बाजारात लढणे यांत कायद्याच्या दृष्टीने तिळमात्र फरक नाही. पोरांनी नियम पडताळून पाहिला. फरक नव्हता.

वस्तादांचा संयम सुटला तो 'रिॲक्शन'वरून. नियम असा आहे की समोरच्याच्या पाळीत आपल्याला प्रतिक्रिया एकच, ती एकदा खर्च झाली की आपली पाळी पुन्हा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसावे. "आरं, ऊठ," वस्ताद भाच्याला म्हणाले. "ये. दुहेरी पट काढ." भाचा बिचारा ओसरीवर उतरला, वाकला, आणि वस्तादांच्या दोन्ही गुडघ्यांकडे झेपावला. मी अगदी शेजारी होतो. मी जे पाहिले ते असे. वस्तादांचे पाय जेथे होते तेथे ते नव्हते, वीतभर मागे होते. भाच्याचे हात रिकाम्या हवेत मिटले. त्याच्या मानेवर एक छाती येऊन टेकली, तिचे ओझे त्याच्या गुडघ्यांपर्यंत उतरताना दिसले. आणि तो फरशीवर ओणवा होऊन श्वास शोधू लागेतो वस्ताद त्याच्या पाठीमागे होते व त्यांची एक मांडी त्याच्या कमरेवरून पलीकडे गेलेली होती. सवारी भरली होती. कोणाचीही पाळी आली नव्हती, कोणाचीही पाळी संपली नव्हती.

"ही तुमची प्रतिक्रिया धरायची," कारकुनांनी वही सरसावून विचारले, "की आपली स्वतंत्र पाळी?"

"डाव आपन टाकीत न्हाई," वस्ताद भाच्याच्या पाठीवरूनच म्हणाले. "समोरचा देतोय त्यो घ्यायचा."

कुस्तीविषयी मी जे काही ऐकले आहे त्यात याहून पुढचे काही ऐकलेले नाही. धोबीपछाड मारावयाची तर गड्याला आपली पाठ द्यावी लागते, आणि पाठ दिली की तो कंबर धरतो. कंबर धरली की त्याचे हात गुंतले. हात गुंतले की त्याच्या पायांना आधार उरला नाही. एकाच्या डावाची शेपटी दुसऱ्याच्या डावाच्या तोंडात असते, मधे फट नाही. या खेळाच्या कर्त्यांनी हा गुंता सोडवावयास घेतला आणि त्यांना अर्थातच फटी कराव्या लागल्या: सहा सेकंदांची एक फेरी, फेरीत प्रत्येकाची पाळी, पाळीत एक कृती, एक उपकृती, एक प्रतिक्रिया. एकदा फट केली की तीतून वारा येतो, आणि वाऱ्याबरोबर वकील येतो. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तर मिठी मारण्याची रीत अशी होती की मारणाऱ्याने आधी समोरच्याचा एक ठोसा खावा, तो लागला तर मिठी रद्द. न लागल्यास हात लावून दाखवावा. मग बळाची तुलना व्हावी. मग त्याच्या जागेत सरकावे. जाणते खेळाडू या आवृत्तीत म्हणे शत्रूला मिठी मारण्यापेक्षा त्याच्यावर पर्वत लोटणे पसंत करीत, कारण पर्वताचा नियम लहान होता.

सहा सेकंदांच्या हिशोबावरून मला गामाची आठवण झाली. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा झबिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली आणि बरोबरीत सुटली, कारण झबिस्को गादीवर पालथा पडून राहिला आणि काही केल्या उलटेना. अडीच तासांचे सेकंद नऊ हजार; म्हणजे या खेळाच्या मापाने दीड हजार फेऱ्या. आमच्या ओसरीवर एक फेरी व्हावयास चहा धरून अर्धा तास लागे. तेव्हा ती कुस्ती जेऊरास खेळावयाची म्हटल्यास अहोरात्र बसून महिनाभर लागला असता, आणि त्या महिनाभर झबिस्कोच्या कागदावर 'आडवा' एवढी एकच नोंद राहिली असती. १९२८ साली पतियाळ्यास हेच दोघे पुन्हा भेटले तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला. दहा फेऱ्यांचे काम. तेही आमच्या टोळक्याला एका संध्याकाळी झेपले नसते.

असे असून हा खेळ आपल्याकडचा नव्हे असे म्हणण्यास मी धजत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११२९ साली 'मानसोल्लास' रचविला. ती कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, आमच्या जिल्ह्यापासून लांब नाही. त्या ग्रंथात मल्लविनोद आहे. मल्लांचे ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक, गोवल असे वर्ग आहेत, त्यांचा आहार व व्यायाम आहे. आणि राजाच्या करमणुकींतच फाशांचा खेळही सांगितला आहे. वर्ग होते, पायऱ्या होत्या, फासे होते. केवळ राजाला ते एकत्र करण्याची बुद्धी झाली नाही, कदाचित त्याच्या दरबारी कारकून अधिक शहाणे असतील. पुढे बडोद्याच्या मुजुमदारांनी १९३६ पासून दहा खंडांत 'व्यायाम ज्ञानकोश' प्रसिद्ध केला. त्याविषयी मी वस्तादांना आदराने विचारले असता ते म्हणाले की पुस्तक चांगलेच असणार, एवढी दहा पुस्तके उचलायला सुद्धा अंगात कुवत पाहिजे.

आता मुकदम्याचे शेवटचे वळण. टोळक्यातला एक मागाहून पुण्याच्या गाडीने आला तो नवे पुस्तक घेऊन. सप्टेंबर २०२४ मध्ये निघालेल्या या सुधारित आवृत्तीने 'की'चे नाव बदलले, मिठी व ढकलणे यांना निःशस्त्र वाराच्याच सदरात घातले, आणि फुकटच्या ठोशाला असलेली अट अजिबात काढून टाकली: भिक्षूने आधी काही केलेले असो वा नसो, उपकृती म्हणून ठोसा त्याचा. भाच्याने नवे पुस्तक डोक्यावर धरून नाच केला. ज्या ठोशासाठी इतके दिवस रक्त आटविले तो आता कायद्यानेच मिळाला होता.

"अंमल केव्हापासून?" कारकुनांनी विचारले.

"म्हणजे?"

"म्हणजे राक्षसाला धरलं ते जुन्या कायद्याखाली. तो पडला तोही जुन्या कायद्याखाली. नवा कायदा मागच्या तारखेपासून लागू होतो असं कुठं लिहिलंय का? नसेल, तर हा राक्षस जुन्याच कलमाखाली पडलेला आहे आणि पडलेला राहील. नव्याखाली ठोसा हवा असेल तर त्याला आधी सोडा, उभा करा, आणि पुन्हा रीतसर धरा."

डीएमने दोन्ही पुस्तके चाळली. मागच्या तारखेविषयी दोहोंतही काही नव्हते. पोरांत दोन तट पडले, आवाज चढले, गल्लीतली मंडळी दारात जमली, आणि त्यांतल्या दोघांनी आपापल्या संपादित जमिनीचे दाखले देऊन वादात भाग घेतला. या गलबल्यात वस्ताद स्वयंपाकघराकडे गेले, आमच्या आक्कांकडून एक नारळ मागून घेतला, तो ओसरीच्या पायरीवर फोडला, अर्धी वाटी भाच्याच्या हाती ठेवून त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि उरलेले खोबरे राक्षसाचा वारस कोण म्हणून विचारत डीएमपुढे धरले. डीएमला दुपारपासून भूक लागलेली होती. त्याने हात पुढे केला.

"थांबा," कारकून ओरडले, आणि त्यांनी वहीत राक्षसाच्या नावापुढे लिहिले: हरकत राखून स्वीकारले.